झिजलेले रबर जाते कुठे?

सायकलीचा असो, स्कूटरचा असो की एस.टी.चा, टायर झिजतो हे आपण सर्वजण जाणतो. नवा असताना त्याच्यावर खोल नक्षी असते. काही वर्षांनी तो गुळगुळीत होतो आणि मग आपण तो बदलतो. परंतु झिजलेले रबर गेले कुठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. द्रव्य नाहीसे होत नाही, त्याचे रूप तरी बदलते किंवा जागा तरी बदलते, हा नियम तर आपण शाळेतच शिकलेलो असतो. मग टायरच्या बाबतीत हे रूप कोणते आणि ही जागा कोणती?

प्रथम थोडा हिशेब करू. लहान मोटारीच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो आणि जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी सुमारे १८ सेंटिमीटर. बदलण्याची वेळ येईपर्यंत या पट्ट्यावरील सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा थर गेलेला असतो. नक्षीतील खाचांची जागा वजा केली आणि रबराची घनता पाण्याहून किंचित अधिक धरली, तर एका टायरमागे अंदाजे दीड किलोग्रॅम रबर कमी झाल्याचे निघते. चार टायरांचे झाले सहा किलोग्रॅम! आता असे धरू की, ही झीज ४०,००० किलोमीटरांत झाली. तेवढ्या अंतरात टायरचे सुमारे २ कोटी १० लक्ष फेरे होतात. ६ मिलिमीटरला या संख्येने भागले, तर एका फेऱ्याच्या वाट्याला सुमारे ०.३ नॅनोमीटर झीज येते, म्हणजे जेमतेम दोन अणूंच्या जाडीएवढी! अर्थात ही सरासरी आहे. प्रत्यक्षात रबर बारीक कणांच्या रूपाने सुटते.

हे कण रस्त्यावर आणि रस्त्याच्या कडेला पडून राहतात. पाऊस आला की ते आणि त्यांच्यातून सुटणारी द्रव्ये गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातात. इतकी किरकोळ धूळ कुणाचे काय बिघडवणार, असे कोणालाही वाटेल. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील एका माशाने दिले. ते उत्तर आपण सर्वांनी लक्षपूर्वक ऐकावे, असे मला वाटते.

ओढ्यातील कोडे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्यूजेट साउंड नावाचा समुद्राचा एक मोठा फाटा जमिनीत आत शिरलेला आहे. सिअॅटल शहर त्याच्याच काठी वसले आहे. या भागातील ओढ्यांत कोहो नावाच्या सॅमन माशाचा जन्म होतो. पिल्लू वर्षभर किंवा थोडे अधिक ओढ्यात काढते आणि मग समुद्रात जाते. तेथे वाढून साधारण तिसऱ्या वर्षी ते आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परत येते, अंडी घालते आणि मरते. कोहोला अंडी घालण्याची संधी आयुष्यात एकदाच मिळते.

शहरातील बिघडलेले ओढे सुधारण्याचे काम तेथील लोकांनी मोठ्या हौसेने केले. कचरा काढला, काठांवर झाडे लावली, माशांच्या वाटेतील अडथळे दूर केले. मासे परतही येऊ लागले. परंतु शरद ऋतूतील पाऊस पडला की, नुकतेच समुद्रातून आलेले धडधाकट मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू-मिटू लागत, गोल गोल फिरत, त्यांचा तोल जाई आणि काही तासांत ते मरत. माद्यांची पोटे अंड्यांनी तशीच भरलेली असत. सिअॅटलमधील लाँगफेलो ओढ्यासारख्या शहरी ओढ्यांत परत आलेल्या कोहोंपैकी ४० ते ९० टक्के मासे अंडी घालण्यापूर्वीच मरतात, असे अनेक वर्षांच्या पाहणीत आढळले. चम या जातीचे सॅमन मासे मात्र त्याच पाण्यात खुशाल पोहत असत.

संशोधकांनी एकेक संशयित तपासला. रोग नव्हता. पाण्याचे तापमान योग्य होते. प्राणवायू कमी पडत नव्हता. रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यात असतात तसे धातू आणि खनिज तेलातील द्रव्ये मुद्दाम एकत्र करून त्यात मासे ठेवले, तरी ते मेले नाहीत. रस्त्यावरून प्रत्यक्ष गोळा केलेल्या पाण्यात मात्र ते हमखास मरत. विष पाण्यात होते हे खरे. पण ते कोणते?

वॉशिंग्टन राज्यातील दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी अखेर टायरकडे लक्ष वळवले. जेनिफर मॅकिंटायर, एडवर्ड कोलोजी, झेन्यू टियान आणि त्यांचे सहकारी यांनी टायरचे रबर किसून पाण्यात भिजवले. त्या पाण्यात कोहो मेले. मग त्या पाण्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात मासे ठेवायचे, ज्या भागात मासे मरतील त्याचे पुन्हा भाग पाडायचे, असा क्रम सुरू झाला. सुरुवातीला पाण्यात दोन हजारांहून अधिक रसायने होती. चाळता चाळता शेवटी एक उरले. त्याच्या रेणूत १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन असे अणू होते. पण टायरमध्ये घालतात त्या द्रव्यांत असा रेणूच नव्हता!

येथे टियान यांनी नामी विचार केला. हा रेणू टायरमध्ये घातलेला नसेल, पण टायरमधील एखाद्या रेणूपासून बाहेर आल्यावर तयार होत असेल तर? हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची संख्या हवेत सहज बदलते. कार्बन आणि नायट्रोजन यांची तितक्या सहज बदलत नाही. म्हणून १८ कार्बन आणि २ नायट्रोजन असलेला रेणू त्यांनी शोधला आणि तो सापडला. ६-पीपीडी हे त्याचे नाव. त्यात २४ हायड्रोजन असतात आणि ऑक्सिजन मुळीच नसतो. शुद्ध ६-पीपीडीवर ओझोन वायू सोडताच तोच मारक रेणू तयार झाला. त्याला ६-पीपीडी-क्विनोन म्हणतात. हे संशोधन डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने प्रसिद्ध केले.

रक्षकाचाच झाला मारेकरी

६-पीपीडी टायरमध्ये घालतात तरी कशासाठी? जमिनीलगतच्या हवेत थोडा ओझोन नेहमीच असतो. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनाची वाफ यांवर ऊन पडले म्हणजे तो आणखी तयार होतो. रबराच्या लांबलचक रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका तेथे घाव घालतो आणि साखळी तुटते. ताणलेल्या रबरावर मग ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पडतात. भरधाव गाडीचा टायर असा चिरला तर काय होईल, हे सांगावयास नको.

म्हणून रबरात वजनाच्या साधारण अर्धा ते दोन टक्के ६-पीपीडी मिसळतात. ते हळूहळू पृष्ठभागाकडे येते आणि रबराच्या आधी स्वतःच ओझोनशी संयोग पावते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरील जस्त जसे स्वतः झिजून आतील लोखंड वाचवते, तसाच हा प्रकार. ६-पीपीडी स्वतःचा बळी देते आणि टायर वाचतो. गेली अनेक दशके जगभरातील टायर याच उपायाने टिकत आले आहेत.

आता माझे म्हणणे सांगतो. ६-पीपीडीचा ओझोनशी संयोग होतो हा काही अपघात नव्हे. त्यासाठीच तर ते निवडले! असे असताना त्या संयोगातून काय तयार होते आणि ते पाण्यात गेल्यावर कोणाला बाधते, हा प्रश्न वापर सुरू करण्यापूर्वीच विचारावयास हवा होता. टायर किती टिकतो याची परीक्षा झाली. त्याचे रक्षण करणाऱ्या द्रव्याचे पुढे काय होते याची झाली नाही. जे द्रव्य बदलण्यासाठीच निर्माण केलेले आहे, त्याची परीक्षा बदल होण्यापूर्वीच्या रूपावर संपवणे शास्त्रीय नव्हे. परीक्षा बदललेल्या रूपाचीही झाली पाहिजे आणि ती करण्याची जबाबदारी द्रव्य विकणाऱ्यावर असली पाहिजे.

'मात्रा अत्यल्प आहे' हे उत्तर अशा वेळी नेहमी ऐकू येते. ते तपासून पाहू. ज्या मात्रेत २४ तासांत निम्मे कोहो मरतात, ती मात्रा २०२२ साली सुधारून केलेल्या मोजणीनुसार लिटरमागे ९५ नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे एक ग्रॅमचा अब्जावा भाग. या हिशेबाने एक ग्रॅम क्विनोन सुमारे एक कोटी लिटर पाणी कोहोला मारक करू शकते. ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात साधारण २५ लक्ष लिटर पाणी असते. म्हणजे असे चार तलाव! मात्रा अत्यल्प की अधिक, हे आकड्यावरून ठरत नाही. तो आकडा कोणासाठी आहे, यावरून ठरते.

'कोणासाठी' हा शब्द महत्त्वाचा आहे. झेब्रा मासा नावाचा बोटभर मासा मूळचा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. आज तो जगभरातील प्रयोगशाळांत विषांच्या परीक्षेसाठी वापरला जातो. ६-पीपीडी-क्विनोनच्या अल्पकालीन परीक्षेत तो मेला नाही. म्हणजे केवळ या माशावर भरवसा ठेवला असता, तर हे द्रव्य उत्तीर्ण होऊन बाहेर पडले असते! इंद्रधनुषी ट्राउट आणि ब्रुक ट्राउट हे मासे मात्र लिटरमागे एखाद्या मायक्रोग्रॅमच्या आसपासच्या मात्रेत मरतात. एका जातीचे प्रमाणपत्र दुसरीला लागू पडत नाही.

हा धडा आपल्या देशाला नवा नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध गुरांना मानवत होते. पण औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले की, गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण उमगले ते २००४ साली. २००६ साली गुरांसाठी हे औषध बनविण्यास आपल्याकडे बंदी झाली. गुरांना उपयोगी आणि गिधाडांना निरुपद्रवी असे मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषधही सापडले. गुरांवरील उपचार थांबले नाहीत. शोध घेतला म्हणून दोन्ही बाजू सांभाळता आल्या.

मग टायर बंद करायचे काय?

टायर बनविणाऱ्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. टायर फुटला तर माणसे मरतात. ६-पीपीडी आज काढून टाकले आणि त्याच्या जागी काहीच घातले नाही, तर रस्त्यांवर अपघात वाढतील. ही भीती खोटी नाही. शिवाय पर्यायी द्रव्य सर्व परीक्षांतून पार पडण्यास वेळ लागतो. म्हणून 'उद्यापासून बंदी' अशी मागणी मी करणार नाही.

परंतु 'वेळ लागतो' याचा अर्थ 'वेळेला मर्यादा नाही' असा होत नाही. कॅलिफोर्निया राज्याने १ ऑक्टोबर २०२३ पासून, ६-पीपीडी असलेले टायर तेथे विकणाऱ्या उत्पादकांवर पर्यायांचा विचार करण्याचे बंधन घातले. ऑगस्ट २०२३ मध्ये प्युअॅलप, पोर्ट गॅम्बल स्क्लालम आणि युरोक या तीन आदिवासी जमातींनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे टायरमधील ६-पीपीडीच्या वापराविरुद्ध अर्ज केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो मान्य होऊन नियम करण्याची प्रक्रिया सुरू झाली. यांपैकी वॉशिंग्टनमधील दोन जमातींना मासेमारीचा हक्क १८५४-५५ च्या तहांनी दिलेला आहे. १९७४ सालच्या एका गाजलेल्या न्यायालयीन निकालाने अशा तहांतील जमातींचा पकडीतील वाटा निम्मा ठरवला. पण ओढ्यात मासाच उरला नाही, तर निम्म्याचा हिशेब करायचा कशाचा? टायरचा रासायनिक प्रश्न हा असा माणसांच्या हक्काचाही प्रश्न आहे.

पर्याय निवडताना आणखी एक सावधगिरी हवी. ६-पीपीडीची भावंडे शोभतील अशी इतर काही द्रव्ये रबर उद्योगात वापरली जातात. ओझोनशी संयोग झाल्यावर त्यांचीही क्विनोने बनतात. केवळ नाव बदलले म्हणून गुण बदलला असे समजू नये. पर्यायाचीही तीच परीक्षा घ्यावी. तो ओझोनशी मिळून काय बनतो आणि ते कोहो, ट्राउट, झेब्रा मासा अशा निरनिराळ्या जातींना कसे वागवते, हे पाहूनच त्याला हिरवा कंदील दाखवावा.

पर्याय सापडेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. या प्रश्नावरील एक उपाय तर विष सापडण्यापूर्वीच हाती आला होता. रस्त्यावरचे जे पाणी कोहोला ठार करीत होते, तेच पाणी वाळू आणि कुजलेले खत यांच्या मिश्रणाच्या थरातून गाळून घेतले, तर त्यात ठेवलेले कोहो जिवंत राहिले. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खतातील सेंद्रिय पदार्थ अशी द्रव्ये धरून ठेवतात. म्हणून रस्त्याचे पाणी पाइपने थेट ओढ्यात सोडण्याऐवजी रस्त्याकडेच्या झाडेझुडपे लावलेल्या खोलगट मातीतून जिरवत न्यावे. आपल्याकडे तर नवे रस्ते व पूल सतत होत असतात. पुलावरचे पाणी सरळ खालच्या नदीत सोडणाऱ्या नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. कोहो आपल्या नद्यांत नाही, हे खरे. परंतु रस्त्यावरच्या पाण्यात तेल असते, धातू असतात आणि रबराचे कणही असतात. ते मातीतून गाळून नदीत सोडणे कोणत्याही नदीच्या हिताचेच आहे. आराखडा काढतानाच हा विचार केला, तर तो सोपाही पडतो.

आणखी एक गोष्ट. विजेवर चालणाऱ्या मोटारी आता रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. त्यांना धुराची नळी नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यांनाही टायर असतात आणि जड बॅटरीमुळे अशी मोटार तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या मोटारीपेक्षा सहसा वजनदार असते. वजन वाढले की झीज वाढते. धूर गेला म्हणजे मोटारीचा सगळा उपद्रव संपला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. टायरमध्ये योग्य दाबाची हवा ठेवणे, प्रमाणाबाहेर माल न लादणे, शक्य तेथे बस आणि रेल्वे यांचा वापर करणे, या साध्या गोष्टींनीही झीज कमी होते. मात्र मुख्य भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. टायरमध्ये काय घातले आहे, हे ग्राहक ठरवीत नाही.

वर्गात करण्याजोगे

शिक्षकांनी या विषयावरचा एक छोटा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. एकाच पाकिटातील दोन रबरबँड सारखेच ताणून दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवा. एक ठोकळा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि दुसरा उघड्या हवेत. दोन्ही सावलीतच असू द्या, म्हणजे उन्हाचा परिणाम वेगळा मोजावा लागणार नाही. काही आठवडे दर रविवारी भिंगातून दोन्हींचे निरीक्षण करा. चिरा पडल्या का, कोणत्या रबरावर अधिक पडल्या आणि त्या ताणाच्या दिशेने आहेत की आडव्या, याची नोंद ठेवा. एखादा तिसरा रबरबँड न ताणता शेजारी ठेवा, म्हणजे ताणाचे महत्त्वही कळेल. टायरच्या झिजेचा वरचा हिशेब आपापल्या घरच्या किंवा शेजाऱ्याच्या वाहनासाठी पुन्हा करून पाहण्यासही हरकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, रसायनशास्त्राच्या तासाला तुम्ही समीकरणे लिहिता. बाणाच्या डावीकडे आपण घेतलेले पदार्थ आणि उजवीकडे तयार झालेले. समीकरणाचा तोल साधला की पूर्ण गुण मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. कारखान्यातही बरेच दिवस असेच चालत आले आहे. डावीकडचा पदार्थ विकत घ्यायचा, त्याच्याकडून काम करून घ्यायचे आणि उजवीकडचा पदार्थ पावसाच्या स्वाधीन करायचा. तुमच्यापैकी काहीजण पुढे रसायनतज्ज्ञ होतील, काही इंजिनिअर होतील, काहीजण नगरपालिकेत रस्त्यांचे आराखडे मंजूर करतील. त्या वेळी समोर आलेल्या प्रत्येक नव्या पदार्थाबद्दल हा प्रश्न जरूर विचारा: याचे काम संपल्यावर याचे काय होते, आणि ते जेथे जाते तेथे कोण राहते?